बेतशीर बाह्या

ज्युदोचा ड्रेस कारखान्यातून येतो तेव्हा तो कुणालाच बसत नाही. कापड गोणपाटाच्या सख्ख्या भावासारखं, विजार टाचेखाली लोळणारी, आणि जाकीट असं ऐसपैस की आत आणखी एक भाडेकरू ठेवावा. माझं कपडे दुरुस्तीचं दुकान आहे. शाळेमागच्या सभागृहात ज्युदो शिकवणारे सर दर वर्षी नव्या लोकांच्या विजारी आखूड करायला माझ्याकडे आणायचे. तिसऱ्या वर्षी मी त्यांना विचारलं, की एवढं जाड कापड अंगावर घालून तुम्ही तिथे नेमकं करता तरी काय. सर बोलायला कंजूष. त्यांनी हातातली पिशवी खाली ठेवली, माझी बाही धरली, दुसरा हात कॉलरपाशी नेला आणि पाव पाऊल मागे सरकले. मी गेलेच. इस्त्रीचं टेबल, आरसा, गिऱ्हाइकांच्या टांगलेल्या पँटी, सगळं तिरपं झालं. आणि जमीन नाकाशी यायच्या आत त्यांनी मला उचलून पुन्हा जागेवर उभी केली, फळीवर बाटली ठेवावी तशी.

"एवढंच," म्हणाले.

वर्षानुवर्षं मशीनवर वाकून माझी पाठ विळ्यासारखी झाली होती. त्या क्षणी ती खरंच सरळ झाली की मला नुसतं तसं वाटलं, देव जाणे. पण पुढच्या मंगळवारी मी नवाकोरा ड्रेस घालून गादीवर उभी होते. वय सत्तेचाळीस, पट्टा पांढरा.

वर्ग मंगळवारी आणि शुक्रवारी, संध्याकाळी साडेसहा ते आठ. आमच्या घरात जेवण साडेसातला. इथेच घोडं पेंड खात होतं.

साडेसात म्हणजे साडेसात. माझे सासरे, मामंजी, वजन-मापे खात्यातून निवृत्त झालेले. उभा जन्म दुकानदारांचे तराजू तपासण्यात गेल्यामुळे त्यांच्या पोटातही काटा बसवलेला आहे. सातला ते चष्मा पुसतात, सव्वासातला खुर्ची सरकवतात आणि साडेसातला ताटाकडे न बघता घड्याळाकडे बघतात. बोलत काही नाहीत. बोलले असते तर बरं. माझा नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. दिवसभर कुठल्या ना कुठल्या इमारतीत दोन मजल्यांच्या मध्ये लटकलेला असतो, त्यामुळे घरी आला की पायाखाली जमीन आहे एवढ्यावर तो खूश असतो. मुलगी सोळा वर्षांची, म्हणजे घरात असते आणि नसते.

या तिघांना स्वयंपाक येत नव्हता असं नाही. मी करू देत नव्हते. ही माझी जुनी खोड. कुणी माझ्यासमोर बटाटा सोलायला घेतला की मला बटाटा दिसत नाही, साल किती जाड निघतंय ते दिसतं, आणि हात आपोआप पुढे जातो. मुलगी दुकानात येऊन एखादं बटण लावते म्हणाली, तर तिच्या हातातली सुई माझ्या हातात कधी आली हे आम्हा दोघींनाही कळायचं नाही. तेव्हा ज्युदो सुरू झाल्यावर मी घरातलं एकही काम सोडलं नाही, फक्त सगळी कामं आवळून बसवली. भाजी पहाटे चिरायची, दुपारी दुकानाला कुलूप लावून भात चढवायचा, सहाला दुकान बंद, लगेच घरी येऊन रस्सा मंद आचेवर, आणि साडेसहाला गादीवर वाकून नमस्कार. आठला सुटले की घामेजल्या अंगाने पळत घरी, वाढायला. चहाबरोबरची बिस्किटं काही सुटली नाहीत. ती मी चालता चालता खायला लागले, एवढाच फरक.

एका शुक्रवारी जेवण पावणेनऊला झालं. रस्सा तळाला करपलेला, आणि मी चमचा तोंडाशी धरून बसल्या जागी झोपलेली. नवऱ्याने चमचा हळूच काढून घेतला. मामंजींनी घसा साफ केला. त्यांचं म्हणणं असं, की काट्यावर एकदा चढलं की काटा कुठेतरी थांबला पाहिजे, असं लटकत ठेवून चालत नाही. तीन महिन्यांनी परीक्षा आहे ना, मग पिवळा पट्टा मिळाला तर ज्युदो चालू. नाही मिळाला तर जेवण पुन्हा साडेसातला, कायमचं. मुलगी म्हणाली की हा न्याय नाही, हा सट्टा आहे. नवरा म्हणाला, बाबा, जाऊ द्या ना. मला मात्र झोपेतून कुणीतरी हलवून उठवल्यासारखं झालं होतं, आणि तशा अवस्थेत माणूस ताठ बसतो आणि नको ते बोलतो.

"ठरलं," मी म्हटलं.

भांडी घासताना लक्षात आलं की मी काय पणाला लावून बसले. आठवड्यातले ते तीन तास, ज्यांत मला कुणी काही दुरुस्त करायला देत नाही.

परीक्षेला सहा आठवडे उरले आणि सरांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया निघाली. वर्ग पोस्टमनकडे आला. हा खरोखरचा पोस्टमन, आमच्यातला सर्वांत जुना, हिरव्या पट्ट्याचा. निळ्या पट्ट्याच्या परीक्षेला दोनदा नाव देऊन दोन्ही वेळा ऐनवेळी तापाने आडवा झालेला. त्याचा जोडीदार घरसामान हलवणारा एक अवाढव्य माणूस. त्याला सगळे हत्ती म्हणायचे आणि तो ओ द्यायचा. माझी जोडीदारीण एक नर्स, हाताने हलकी आणि जिभेने जड. बाकी कुणी बँकेतलं, कुणी कॉलेजातलं, मिळून आम्ही नऊ जण.

सर नसताना एका मंगळवारी मी कडेला पाणी पीत बसले होते आणि वर्गाकडे पहिल्यांदाच दुकानातल्या नजरेने पाहिलं. ते बघवेना. दोरीवरच्या ओल्या चादरींची वाऱ्यात मारामारी चालावी तसं दिसत होतं. मनात आलं, सर थेट परीक्षेच्या दिवशी येणार, बिचारे कुबडीवर, तेव्हा त्यांना आपला वर्ग कसा घोटीव दिसायला हवा. सगळ्यांची जाकिटं गोळा केली. सर्वांत जाड सुई लावली आणि आठवडाभर मशीनच्या शिव्या ऐकल्या. बाह्या निमुळत्या केल्या, काखेत आत घेतलं, कंबरेला किंचित आकार दिला. लोकांचं कापड मी कापत नाही, हा दुकानाचा नियम आहे. भरपूर माया सोडून वाढीव कापड आत दुमडते. माझ्या स्वतःच्या जाकिटात मात्र तेवढाही फुगवटा नको म्हणून आतलं सगळं कात्रीने उडवलं. माझं माप मला माहीत होतं.

काय देखणा दिसला वर्ग. नर्सने आरशासमोर गिरक्या घेतल्या. हत्ती म्हणाला की त्याला कंबर आहे हे त्याच्या बायकोलाही आजच कळलं. आणि गंमत म्हणजे आमचा खेळही सुधारला. समोरच्याने बाही धरायला हात टाकावा, त्याची बोटं घसरावीत, आणि आपण मोकळे. ज्याला त्याला पकड सोडवता यायला लागली. पोस्टमनचा ऊर भरून आला; सर नसताना आपण केवढी मजल मारली, म्हणाला. पकड कसबामुळे सुटत नव्हती, पकडायला काही उरलंच नव्हतं म्हणून सुटत होती, हे नऊ शहाण्यांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

परीक्षा रविवारी सकाळी. घरच्यांनी यायचं नाही, असं मी बजावून ठेवलं होतं. दुपारचा स्वयंपाक करून, भांडी झाकून, काय गरम करायचं आणि कशाला हात लावायचा नाही ते सांगून मी निघाले. सर कुबडी टेकत आले. आम्ही नऊ जण रांगेत ताठ. त्यांनी आमच्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा असा झाला, की मला वाटलं गुडघ्यात कळ आली.

बाहेरगावाहून आलेल्या परीक्षक बाई ठेंगण्या, पांढऱ्या केसांच्या, हसण्याचे वेगळे पैसे घेत असाव्यात अशा. त्यांच्या हातात एक लाकडी पट्टी होती. ती त्यांनी नर्सच्या बाहीत सरकवायला घेतली. गेली नाही. पोस्टमनच्या बाहीत घातली. गेली नाही. रांग संपली तरी ती कुणाच्याच बाहीत गेली नाही. बाई दोन पावलं मागे झाल्या.

"हे कुणी शिवलं?"

मी हात वर केला. शिवण फार सुरेख आहे, म्हणाल्या, आणि ते त्या मनापासून म्हणाल्या, हे जास्त लागलं. मग त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, की हा धरण्याचा खेळ आहे. समोरच्याला तुम्हाला धरता आलं पाहिजे, म्हणून बाहीत मूठभर जागा लागते. ज्याला धरताच येत नाही अशा माणसाशी ज्युदो खेळता येत नाही. जाकिटं नियमात नाहीत, त्यामुळे परीक्षा नाही. सर हळू आवाजात बाईंशी काहीतरी बोलले. मी सरांना एका दमात इतकं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. बाईंनी घड्याळ पाहिलं. सभागृह पावणेदोन वाजता टेबल टेनिसवाल्यांना द्यायचं होतं. आधी दुसऱ्या एका वर्गातल्या मुलांची परीक्षा होईल, ती साडेअकराला आटपेल. तोवर जी जाकिटं मोकळी होतील, त्या माणसांची परीक्षा घेऊ, असं ठरलं.

बायकांनी आत टी-शर्ट घातलेले होते. पुरुष मंडळी मात्र उघडीच बाकावर बसली, छातीशी हातांची घडी घालून, डॉक्टरांची वाट बघत असल्यासारखी. हत्तीने टेबलावरची चादर ओढून खांद्यावर घेतली आणि तो एकदम राजासारखा दिसायला लागला. माझ्याजवळ पर्समधली बोटभर कात्री. एक काख उसवता उसवता घामाघूम झाले. शिवण इतकी पक्की घालू नये, हे मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. नर्सने मदतीला हात पुढे केला आणि मी तो सवयीने बाजूला सारला.

"अगं बाई," ती म्हणाली, "तुझ्या घरी कोण आहे?"

घरी तिघं होते. तिघंही असे, की मी आज नापास झाले तर उद्यापासून त्यांना रोज वेळेवर गरम जेवण. आणि तिघांपैकी एकालाही मी आजवर माझ्या कात्रीला हात लावू दिलेला नव्हता. तरी फोन लावला. गादीवर पाठीवर आपटणं त्याहून सोपं. नवऱ्याने उचलला.

"अहो, मी घोळ घातलाय," मी म्हटलं. "मला एकटीला नाही निस्तरणार. तिघंही या."

"काय आणू?" एवढंच त्याने विचारलं.

ते आले तेव्हा मुलीच्या हातात दुकानातला डबा होता: ब्लेडं, टाके कापायच्या छोट्या कात्र्या, जाड सुया, दोरा. कुठल्या खणात काय असतं हे मी तिला कधी दाखवलं नव्हतं. तिला सगळं ठाऊक होतं. मामंजी कोट घालून आले होते, आणि कोटाच्या खिशात त्यांचं खात्यातलं भिंग. मी तिघांना गादीच्या कडेला बसवलं आणि कुठली शिवण कारखान्याची, कुठली माझी, ते दाखवलं. पांढऱ्या दोऱ्याला हात लावायचा नाही, पिवळसर दोरा तेवढा काढायचा. मग नर्स बसली, बँकेतली मुलगी बसली, बघता बघता मंडळ जमलं. ब्लेड कुणी उलटं धरतंय, कुणी कापडाला भोक पाडायच्या बेतात, आणि मला ते सगळं दिसत होतं. त्यांच्याकडे बघायला नको म्हणून मी माझं जाकीट उसवायला घेतलं. तेव्हा आठवलं की त्यात सोडवण्यासारखं काही नाही. आतलं कापड दुकानातल्या कचऱ्याच्या पेटीतून कधीच गेलं होतं.

मामंजी एकेक टाका भिंगाखाली धरून कापत होते. सर्वांत हळू, पण त्यांच्या हातातल्या जाकिटाचा एक धागा इकडचा तिकडे झाला नाही. ते झाल्यावर जाकीट हातावर टाकून ते थेट परीक्षक बाईंकडे गेले. मी म्हटलं, आता संपलं.

"ही पट्टी तपासलेली आहे का?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे?"

"हिच्यावर शिक्का कुठे दिसत नाही. लाकूड आहे, दमट हवेत फुगतं. केसभर फुगली असली तर नऊ माणसांचं नुकसान."

सभागृहात टाचणी पडली तरी ऐकू आली असती, आणि टाचण्या तर पुष्कळ पडल्या होत्या. सरांनी डोळे मिटले. बाईंनी माझ्याकडे हात केला, टेपसाठी. मामंजींनी पट्टी मोजली, उलटी करून मोजली, भिंग लावून पुन्हा मोजली.

"बरोबर आहे," ते जरा खट्टू होऊन म्हणाले. "तुमचं माप खरं आहे."

आजवर हे कुणी विचारलं नव्हतं, असं बाई म्हणाल्या. विचारायला हवं होतं, असं मामंजी म्हणाले. त्यानंतर बाईंनी त्यांच्यासाठी खुर्ची मागवली, चहा मागवला, आणि दोघं एकाच खात्यातली असल्यासारखी शेजारी बसली. एकेक जाकीट पट्टीखालून जाऊ लागलं. हे पास, हे काखेत अजून थोडं. मामंजी तर बाईंहून कडक.

साडेअकरा झाले, दुसऱ्या वर्गाची मुलं आटपली, आमचे पहिले लोक गादीवर गेले, आणि आता सगळं सुरळीत होणार असं वाटत असताना नवऱ्याने अभिमानाने पोस्टमनचं जाकीट माझ्यापुढे धरलं. एका हातात जाकीट. दुसऱ्या हातात बाही.

त्याचाही इलाज नव्हता. लिफ्टच्या धंद्यात अर्धवट उघडणं म्हणजे जिवाशी खेळ. उघडायचं तर शेवटच्या खिळ्यापर्यंत. पांढरा दोरा, पिवळा दोरा, त्याने सगळं मोकळं केलं होतं. "आता एकदम सैल झालंय," म्हणाला. पोस्टमनच्या चेहऱ्यावर पत्ता चुकलेल्या पाकिटाची कळा आली. त्याची परीक्षा सर्वांत शेवटी होती, एवढंच काय ते नशीब. मी सुई ओवली आणि खांद्यापासून बाही जोडायला बसले. ते कापड हाताने शिवायचं म्हणजे दर टाक्याला सुई टेबलाच्या कडेवर दाबून पार करावी लागते. अर्धी बाही लागली असेल, तेवढ्यात बाईंनी पांढऱ्या पट्ट्यातली शेवटची जोडी पुकारली. म्हणजे नर्स आणि मी. बँकेतल्या मुलीची परीक्षा झाली होती, तिने तिचं मोकळं झालेलं जाकीट माझ्या खांद्यावर आणून टाकलं. सगळं तयार होतं. फक्त मी उठले तर बाही राहणार होती, आणि बाही पुरी केली तर माझी वेळ जाणार होती.

पोस्टमन म्हणाला, राहू दे, मला सवय आहे. त्याला खरंच सवय होती, म्हणूनच ते ऐकवेना. मी खाली मान घालून आणखी एक टाका घातला.

"आई, ऊठ," मुलगी म्हणाली. "सुई दे."

"तुला नाही जमायचं. कापड जाड आहे."

"सरळ नाही जमायचं. वाकडं जमेल. ऊठ."

माझी बोटं सुईवरून एकेक करून सुटली. तिने बाही मांडीवर घेतली आणि पहिलाच टाका असा घातला, की माझ्या दुकानात तो भिंतीवर टांगून ठेवला असता, काय करू नये याचा नमुना म्हणून. मी डोळे फिरवले आणि गादीवर गेले.

पडून दाखवायचं होतं, ते झालं. मग डाव. पहिल्या डावाला मी नर्सची बाही धरली, वळले, आणि वळता वळता बाकाकडे माझी नजर गेली. मुलगी दाताने दोरा तोडत होती. नर्स माझ्या कंबरेवर अर्धी चढून तशीच घरंगळली आणि माझ्या कानात एक शब्द बोलली, जो दवाखान्यात चालत नसावा. बाईंनी हात वर करून थांबवलं.

"तुमचं लक्ष कुठे आहे?"

खोटं रचायला वेळ नव्हता. "मुलीच्या टाक्यांकडे."

बाईंनी वळून पाहिलं. "कसे आहेत?"

"लांब लांब आहेत."

"सुटतील?"

"सांगता येत नाही."

"मग ते तिच्यावर सोडा," म्हणाल्या, आणि नर्सची बाही उचलून माझ्या मुठीत दिली. "तुम्ही हिला धरा."

मी धरली. कित्येक आठवड्यांनी हाताला मूठभर कापड लागलं. नर्सनेही मला धरलं, घट्ट, आणि तिचा सगळा भार माझ्या हातांवर आला. कुठे झुकतेय, कुठे अडतेय, सगळं त्या कापडातून कळत होतं. मागे बाकावर काय चाललंय ते मला दिसत नव्हतं, आणि मी बघितलंही नाही. वळले. ती माझ्यावरून गेली आणि गादीवर असा आवाज झाला, की हत्तीने चादरीतून हात काढून टाळी वाजवली. दुसरा डाव झाला. तिसरा जरा तिरपा झाला. उठताना नर्स म्हणाली, "आता कशी माणसात आलीस."

शेवटी पोस्टमन. त्याची डावी बाही उजवीपेक्षा वर चढलेली, खांद्यावर टाक्यांची मुंग्यांसारखी रांग, आणि मुंग्याही वाट चुकलेल्या. मुलगी माझ्या शेजारी उभी राहून नखं खात होती. हत्तीने ती बाही धरली, ओढली, पुन्हा धरली. टिकली. एकामागून एक डाव झाले, टिकली. शेवटच्या फेकीला पोस्टमनने एवढा मोठा हत्ती अल्लाद उचलला, हत्ती हवेतून गेला, खाली आदळला, आणि त्याच्या हातात बाही होती. पोस्टमन उघड्या दंडाने उभा.

बाईंच्या तोंडाचा एक कोपरा हलला. "फेक पूर्ण," त्या म्हणाल्या. "बाही नंतर शोधा."

मुलीने चेहरा झाकून घेतला होता. पोस्टमन गादीवरून उतरून तसाच तिच्यापुढे आला आणि सरांना करतो तसा कमरेत वाकून नमस्कार केला. "शेवटपर्यंत टिकली की," म्हणाला.

सगळे पास झाले. माझा निकाल सांगताना बाई म्हणाल्या की हात चांगले आहेत, लक्ष उधार दिलेलं असतं, काठावर पास. सरांनी स्वतः माझ्या कमरेला पिवळा पट्टा बांधला आणि म्हणाले, "पुढच्या वेळी फक्त विजारी."

बाहेर पायऱ्यांवर आलो. टेबल टेनिसवाले आत शिरत होते. मामंजींनी कोटाची बटणं लावली आणि जाहीर केलं, की शब्द तो शब्द. पट्टा मिळाला, ज्युदो चालू. एखाद्या दुकानदाराचा तराजू पास करावा तसं म्हणाले. मी गप्प बसले असते तरी भागलं असतं. पण पायऱ्यांवर ऊन होतं, चौघांच्याही कपड्यांना पिवळसर दोऱ्याचे तुकडे चिकटले होते, आणि माझ्याने गप्प बसवेना.

"मामंजी, नापास झाले असते तरी मंगळवारी गेले असते मी."

नवरा खाली बघून हसायला लागला. मामंजींनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मग त्या दिवशी 'ठरलं' कशाला म्हणालीस, असं त्यांनी विचारलं, आणि मी झोपेत होते असं खरं ते सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, खात्यात प्रत्येक वजनाला थोडी सूट असते. तेवढं कमी-जास्त झालं तर त्याला खोटं म्हणत नाहीत.

"जेवणाला किती सूट?" मुलीने विचारलं.

"दहा मिनिटं."

"आजोबा, आई आठला सुटते."

नवरा म्हणाला की मंगळवारचा स्वयंपाक तो करेल, फक्त स्वयंपाकघरात कुणी डोकावायचं नाही, आणि हे बोलताना तो माझ्याकडे बघत होता. शुक्रवार मुलीने घेतला. मग मामंजी तुम्ही त्या दिवशी वेळेवर जेवून घ्या, आम्ही मागून जेवू, असं मी म्हटलं, तर ते त्यांना अजिबात पटलं नाही. चौघांचं ताट एकदम मांडलं गेलं पाहिजे. पण मग सूट वाढवायला लागेल, मुलगी म्हणाली. पंधरा मिनिटं, मामंजी म्हणाले. एक तास, ती म्हणाली. अशाने तर सगळा बाजार बसेल, असं म्हणून ते पायरीवरच टेकले आणि बोटांवर मोजत तिला समजावू लागले, की वीस मिनिटं ही शेवटची हद्द, त्यापुढे त्यांना भूक आवरत नाही, कधीच आवरलेली नाही, प्रकृतीच तशी.

तेव्हा दोनला दहा कमी होते. रविवारी ते साडेबाराला जेवतात. मुलीने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे, आणि आम्ही त्यांना आणखी थोडा वेळ घासाघीस करू दिली.